टिकलीखालचा लाल दिवा

९ सप्टेंबर, मंगळवार

पालिकेच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, जे डोक्यात फिरतं ते वहीत लिही, म्हणजे छातीतली धडधड कमी होईल. मी म्हटलं, मॅडम मी आठवी शिकलेली. त्या म्हणाल्या, मग आठवीएवढंच लिही. म्हणून ही वही.

रविवारी काय झालं ते लिहिते. आम्ही गाडीतून चेंबूरला नणंदेकडे चाललो होतो. मिथुन चालवत होता, माझा नवरा. मी त्याच्या बाजूला, मांडीवर प्रबुद्ध. मागे मामा. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्या जालन्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. घाटकोपरच्या पुलाखाली एक बाईकवाला आडवा घुसला. मिथुनने ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी. कुणाला धक्का नाही, खरचटलं नाही. पण प्रबुद्ध माझ्या हातातून सुटून पुढे गेला आणि कपाळ मूर्तीला लागलं. डॅशबोर्डवर पितळेची बुद्धाची मूर्ती आहे, वीतभर उंच, अगदी माझ्या समोर. दोन टाके पडले. दीड वर्षाचं पोर.

मिथुन म्हणाला, "गाडी चांगली म्हणून वाचलो. दुसरी असती तर त्या बाईकवाल्यासकट गेलो असतो. जपान्या आहे तो."

गाडीला तो जपान्या म्हणतो. अकरा वर्षं जुनी गाडी आहे. मुलुंडच्या शरच्चंद्र काकांची होती. मिथुन सहा वर्षं त्यांचा ड्रायव्हर होता. काकांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी ती त्यालाच दिली. आता तो तिच्यावर एअरपोर्ट, शिर्डी अशी भाडी मारतो.

तीस तारखेला आम्हाला नागपूरला जायचंय. दसऱ्याला दीक्षाभूमीवर. मामा आजवर दरवर्षी जनरल डब्यात उभं राहून गेले. यंदा मुलाच्या गाडीतून जाणार म्हणून सगळ्या चाळीला सांगून झालंय. समृद्धीवरून. त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या ऐकूनच मला भीती वाटते.

१० सप्टेंबर, बुधवार

आज मी एक ठरवलं. प्रबुद्धला मागे बसवता येत नाही, मागे बसला की ओकतो. मग पुढेच, पण आता मी पट्टा लावणार. माझ्या बाजूच्या खाचेत मिथुनने नकली खटका घालून ठेवलाय, म्हणजे गाडी टूं टूं करत नाही. तो काढला, आणि पट्टा मी आणि बाळ दोघांवरून घेऊन लावला. ओढून बघितलं, अजिबात हलत नाही तो. नाक्यापर्यंत जाऊन आलो. जरा बरं वाटलं. हे आधी कसं सुचलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सगळ्यांना विचारत सुटले. जपानी गाडी चांगली का.

आमच्या खालच्या खोलीतल्या अक्षताचा मामा, विद्याधर, त्याच कंपनीची गाडी चालवतो. तो जिन्यात भेटला.

"वहिनी, गाडी म्हणजे हत्ती आहे. साडेतीन लाख किलोमीटर झाले, इंजिन उघडलं नाय अजून."

मी म्हटलं, "लोक बोलतात पत्रा पातळ असतो."

"तुम्हाला पत्र्यावर डोकं आपटायचंय का?" तो हसला. अक्षता पण हसली. मी नाही हसले.

मेडिकलवाला म्हणाला, सर्व्हिसिंगला कापतात पण रस्त्यात कधी बंद नाय पडत. मोबाईलवर बोलून विचारलं तर पाच-सहा व्हिडिओ आले. एक म्हणतो एसी झकास, एक म्हणतो मागची सीट कडक, एक म्हणतो विकताना भाव येतो. सगळे खूश. वाईट कोणीच बोलत नाही. मग मला एवढी भीती का वाटते, मलाच काही झालंय का?

एक गोष्ट कुणाला विचारायची राहिली. जूनपासून स्टिअरिंगसमोरच्या मीटरमध्ये एक लाल दिवा लागलेला असतो. बसलेला माणूस आणि त्याच्या पुढे गोल, फुग्यासारखा. गिऱ्हाईकं विचारायची हा कसला दिवा, म्हणून मिथुनने माझ्याकडे टिकली मागितली आणि त्यावर चिकटवली. मरून रंगाची, मीच पाकिटातून काढून दिली. इंजिनचा दिवा नाही म्हणाला, मग कशाला बघायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

मुलुंडला काकांकडे जाऊन आलो. मीच हट्ट केला. म्हटलं ज्याने इतकी वर्षं गाडी पाळली त्यालाच विचारू. मामा पण आले.

मोठा ब्लॉक आहे. सुहासिनी काकूंनी आम्हाला सोफ्यावर बसवलं. मामा बसले, मी बसले, मिथुन दारापाशीच उभा. काका म्हणाले, "अरे बस की आता, ड्रायव्हर थोडाच आहेस माझा." तो म्हणाला, "हो साहेब," आणि उभाच राहिला.

मी विचारलं, "काका, गाडी चांगली आहे ना?"

काकांना तेच पाहिजे होतं. त्यांनी कंपनीची सगळी गोष्टच सांगितली. ज्याने सुरू केली तो म्हणे सुताराचा पोरगा, गाव लहान. आई घरी मागावर कापड विणायची. तिचे कष्ट बघून त्याने लाकडाचा चांगला माग बनवला. मग नुसता चालणारा नाही, तर थांबणारा माग बनवला. एक धागा तुटला की माग आपोआप थांबणार. पुढे त्याच्या मुलाने गाड्या सुरू केल्या. "आजसुद्धा," काका म्हणाले, "तिकडे कारखान्यात साध्या कामगाराला काही चुकलेलं दिसलं तर तो दोरी ओढतो. ते निस्तरलं नाही तर सगळी लाईन थांबते."

मामा म्हणाले, "आमच्याकडं भिवंडीत दोरी वढणाऱ्याला मुकादमानं घरीच धाडला असता."

काका मोठ्याने हसले. मामा बावीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमवर होते, ते त्यांना माहीत नव्हतं. मामांनी सांगितलं, "थांबायची पट्टी आमच्या मागाला बी होती. पण घडीघडी थांबला तर कापडाचे मीटर कुठून भरायचे? आम्ही ती सुतळीनं बांधून टाकायचो. तुटक्या धाग्याचं कापड जायचं पुढं. आमचं काय बिघडत होतं."

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग काय. चालायचं."

खाली उतरल्यावर काकांना गाडी बघायची होती. बघायची म्हणजे हाताने. बॉनेटवरून हात फिरवला, दार उघडून मिथुनच्या सीटवर बसले. स्टिअरिंग धरलं, मीटरच्या काचेवर बोटं फिरवली आणि थांबले.

"हे काय चिकटलंय रे?"

मी म्हटलं, "टिकली आहे, काका. माझी."

काकांनी नखाने ती काढली आणि किल्ली फिरवली. जवळचा उजेड तेवढा त्यांना अजून कळतो, तो लाल दिसला असेल, कारण तोंड एकदम पडलं. "मिथुन, हा कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने, साहेब. गाडी मस्त पळते."

"मी विचारलं का पळते का? भांडुपला रतनकडे ने. उद्याच्या उद्या."

"हो साहेब."

मुलुंड नाक्यावर सिग्नल लागला तेव्हा मिथुनने टिकली परत लावली.

१५ सप्टेंबर, सोमवार

नाही नेली. शिर्डीचं भाडं आलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काकांचा फोन आला तेव्हा कुठे मिथुन उठला. मी पण बाळाला घेऊन गेले. आता जे कळलं ते लिहिते.

रतन आधी कंपनीच्या शोरूमला होता, आता स्वतःचं गॅरेज आहे. त्याने मशीन लावलं, मग माझ्या सीटखाली डोकं घातलं. म्हणाला, "सीट कव्हर कुठनं घातलीत? त्या कव्हरवाल्याने वायर ओढून तोडलीये. कंपनीची काही चूक नाय. गाडी तीन महिने ओरडून सांगते की एअरबॅग चालू नाय, आणि तुम्ही तिच्या तोंडावर टिकली लावली."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, बाळ कुठं बसतं?"

"मांडीवर. पुढे."

"आणि पट्टा?"

मी म्हटलं, लावते ना. दोघांवरून लावते, घट्ट. मला वाटलं शाबास म्हणेल.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, तुमचं वजन किती? पन्नास? ब्रेक लागला की ते पन्नास किलो पुढे जातात. पुढून पट्टा, मागून तुम्ही. मध्ये कोण आहे?"

तोच म्हणाला, "चरकातला ऊस."

नऊ दिवस. नऊ दिवस मी त्याला तसं बांधून फिरवलं. आणि ओढून बघत होते हलत नाही ना.

पुढचंही सांगितलं. बॅग चालू झाली तरी पुढे बाळ नको, बॅग पापणी लवायच्या आत फुटून बाहेर येते, लहान पोराची मान मोडते. आणि मूर्ती बसलीये ती बॅगच्या झाकणावर. "सव्वा किलो पितळ. बॅग उडाली की ते कुठं जाईल, तुम्हीच बघा." मूर्ती माझ्या तोंडासमोर होती. शांत डोळे मिटून.

मिथुन म्हणाला, "मग बंदच राहू दे ना बॅग. बॅग नाय, मूर्ती उडायचा प्रश्न नाय."

"मग पोराचं डोकं मूर्तीवर. आत्ताच दोन टाके पडलेत ना?"

"तू फक्त दिवा बंद करून दे."

"ते काम माझ्याकडे होत नाय," रतन म्हणाला. वायरीचा पार्ट मागवायला पाच-सहा दिवस, तोपर्यंत गाडी उभी. मिथुन म्हणाला सणाच्या तोंडावर गाडी उभी करू का? बघू.

निघताना रतनने मला एक शिकवलं. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागतात आणि विझतात. हा फुग्याचा पण लागला पाहिजे, मग विझला पाहिजे. "लागलाच नाय तर समजायचं कोणीतरी त्याचा गळा दाबलाय."

२० सप्टेंबर, शनिवार

मूर्तीचं मामांना कसं सांगू? आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी ते एकटे नागपूरला गेले होते, तेव्हा आणली. गाडी घरी आली त्या दिवशी स्वतः चिकटवली. म्हणाले, सुनेच्या समोर राहील, तिला भीती वाटते ना.

माझ्यासाठीच लावली आहे ती तिथे.

२४ सप्टेंबर, बुधवार

सुहासिनी काकूंनी त्यांच्या नातीची, स्वरदाची, जुनी बाळखुर्ची माळ्यावरून काढून दिली. गाडीत मागे बांधायची असते. रतनने मोबाईलवरून मिथुनला बांधायला शिकवली. प्रबुद्धला बसवलं तर असा किंचाळला की रस्त्यावरची माणसं थांबली. साकीनाक्यापर्यंत गेलो, तिथे ओकला. पुन्हा रडला. मिथुन म्हणाला, "बारा तास हे ऐकायचं? मी गाडी चालवू का कान बंद करू? तुझी भीती पोरात उतरली आहे, दुसरं काय."

असेल. आईचं पोरात उतरतंच.

मामा आज गाडीतली मूर्ती फडक्याने पुसत होते. नागपूरला जायचं म्हणून. मी चहा घेऊन खाली गेले, सांगायला म्हणूनच गेले होते. मामा म्हणाले, "माधुरी, बघ कशी लखलखीत झाली. शकु असती तर म्हणली असती, म्हाताऱ्याला गाडीचं वेड लागलं." शकु म्हणजे आत्या. मी कप ठेवून वर आले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मिथुन संध्याकाळी लवकर आला. "झालं तुझं काम. कुर्ल्याला एकाकडे वायर जोडून घेतली, दिवा गेला. आता तरी हस."

खाली जाऊन बघितलं. गाडी चालू होती, मीटरवर टिकली नाही, लाल काही नाही. एवढं बरं वाटलं की त्याच्या हातावर डोकं टेकलं. एका दिवसात झालं, आणि रतन पाच-सहा दिवस सांगत होता. रतन उगाच घाबरवतो का काय.

२९ सप्टेंबर, सोमवार

पोळ्या, चटणी, प्रबुद्धचे कपडे. मामांनी पांढरा सदरा-पायजमा इस्त्री करून आणला. मी मिथुनला दोनदा विचारलं, खुर्ची मागे बांधणार ना? तो हो म्हणाला. मूर्तीचं म्हटलं तर म्हणाला, आता एवढ्या वेळेला म्हाताऱ्याचं मन नको मोडू, परत आल्यावर बघू.

३० सप्टेंबर, मंगळवार

गेलो नाही. सगळं लिहिते.

सकाळी सहाला खाली उतरलो. वरून सामान मिथुननेच आधी उतरवलं होतं. बघते तर मागच्या सीटवर बॅगा, पाण्याचे कॅन, आणि एका कडेला मामांना जागा. खुर्ची नाही.

"माळ्यावर ठेवली," मिथुन म्हणाला. "तो रडून रडून जीव देईल. तू पुढे बस, मी हळू चालवतो. बॅग पण चालू झाली आता. चल ना यार, उशीर होतोय."

मामा बसले होते. चाळीतली चार माणसं जयभीम करायला आली होती. अक्षता गॅलरीतून हात हलवत होती. मी बसले. प्रबुद्ध मांडीवर, झोपेत. खरंच बसले मी. आता लाज वाटते.

मिथुनने किल्ली फिरवली. दिवे लागले. पिवळा लागला, बॅटरीचा लागला, तेलाचा लागला. मी फुग्यावाला शोधत होते. तो लागलाच नाही.

मी म्हटलं, "बंद कर. परत फिरव."

"काय झालं?"

"फिरव ना."

त्याने फिरवली. सगळे लागले, विझले. माणूस आणि फुगा नाही.

मी दार उघडून खाली उतरले. दाराला धरून उभी राहिले. म्हटलं, "तू वायर नाय जोडलीस. तू दिवाच मारलास."

मिथुन हळू आवाजात म्हणाला, "बस आत. लोक बघतायत."

"बघू दे."

"माधुरी, तमाशा नको."

"मी नाय बसणार. बाळ नाय बसणार. तू घाबरट म्हण, वेडी म्हण."

मामा मागून म्हणाले, "कसला दिवा? काय चाललंय तुमचं?"

मग मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, लोकांसमोर. वायर, बॅग, पट्टा, चरकातला ऊस. मग मामांकडे वळले. मूर्तीचं पण सांगितलं. मामा, ही मूर्ती जिथे आहे तिथून ती बाळाच्या तोंडावर येईल.

मामांनी मूर्तीकडे बघितलं. मग मिथुनला विचारलं, "दिवा तू मारलास?"

"अप्पा, सगळे मारतात. मार्केटमध्ये अर्ध्या गाड्यांचे मारलेले आहेत."

"मी तुला विचारलं."

"हो."

मामा गाडीतून उतरले. मला वाटलं मला बोलतील. ते म्हणाले, "तुला कधीपासून ठावं होतं मूर्तीचं?"

"अकरा दिवस झाले."

"मग मला कामून नाय सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," मामा म्हणाले. "म्हणून नातवाचं तोंड फोडायचं का गं?"

त्यांनी अक्षताला वरून जाड दोरा टाकायला सांगितला. दोऱ्याची दोन टोकं दोन हातांना गुंडाळली, मूर्तीच्या बुडाशी घातला आणि करवतीसारखा मागे-पुढे ओढत राहिले. चिकटपट्टी फार घट्ट होती. बोटांना वळ उठले, पण कुणाला हात लावू दिला नाही. मूर्ती सुटली तेव्हा खाली इंग्रजी अक्षरं निघाली, कंपनीने कोरलेली. मी एक एक करून वाचली. एअरबॅग. एवढे दिवस ती तिथेच होती.

मामांनी मूर्ती टॉवेलात गुंडाळून वर नेली. मिथुन गाडीला पाठ लावून उभा होता. मी त्याच्याजवळ गेले तर म्हणाला, "झालं समाधान? म्हाताऱ्याचं वर्ष घालवलंस."

मामा दुपारी एकटेच स्टेशनला गेले. जनरल डबा. उभं राहून.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मामांचा नागपूरहून फोन आला. गुडघे सुजलेत. गर्दी फार होती म्हणाले, दर्शन झालं. प्रबुद्धला फोनवर त्रिशरण ऐकवलं.

मिथुन तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज जेवताना बोलला. ताटाकडे बघून. "तू माझ्या गाडीला वाईट बोललीस ना लोकांत, ते लागलं मला. सहा वर्षं साहेबांच्या मागचं दार उघडलं मी. आपली म्हणून एकच वस्तू आहे."

मी म्हटलं, "गाडीला नाय बोलले मी. गाडी खरंच बोलत होती. आपण ऐकत नव्हतो."

"माहितीये," तो म्हणाला. मग भात मागितला.

गाडी रतनकडे लावलीय. मिथुनने स्वतः लावली, मी सांगितलं नव्हतं. मामांची माफी मागायची आहे त्याला, पण ती काही त्याच्याकडून होणार नाही. मामा परत आले की स्टेशनवर आणायला जाणार आहे एवढं म्हणाला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मुलुंडला गेलो, काकांना रतनने दुरुस्त केलेली गाडी दाखवायला. किल्ली फिरवली तेव्हा फुग्याचा दिवा लागला आणि विझला. खुर्ची मागे बांधली होती. मी तिच्या बाजूला, मामा पुढे. मामांनी पट्टा स्वतः लावला आणि मला मान वळवून दाखवला.

प्रबुद्ध खुर्चीत घातल्या घातल्या रडायला लागला. पंतनगरला रडला, विक्रोळीला रडला. कांजूरला दोन्ही हात माझ्याकडे केले, मम्मी घे, मम्मी घे. एवढंच बोलता येतं त्याला अजून. घाम आला, तोंड लाल झालं. मिथुन आरशातून माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला असता तर मी घेतलं असतं बहुतेक. तो काही म्हणाला नाही, गाडी हळू केली फक्त.

माझी छाती अशी धडधडत होती की मला वाटलं, मॅडमनी दिलेली गोळी आणायला पाहिजे होती. हात आपोआप त्याच्या पट्ट्याच्या बटणाकडे जात होते. मी ते मांडीखाली घेतले आणि वर बसून राहिले.

मुलुंडपर्यंत तो हात पसरून रडत होता, आणि मी घेतलं नाही.